डिकीतला पॉइंट

इद्रीस मण्यारनं आधी गाडीकडं नाही, माझ्याकडं बघितलं.
काय चालवणार यावर?
पिको, म्हटलं. पिको-फॉल. एक मशीन, एक दिवा.
त्यानं हाताचं ग्रीस पुसायला फडकं शोधलं,
नाही सापडलं,
मग चोपड्याच्या उन्हातच हात पुसले जणू.

गाडी जुनी, रावेरच्या एका केळीवाल्याची.
मागचं सीट उचललं तर खाली
चिकाचे काळे डाग, जन्मात न निघणारे,
वजनाची एक चिठ्ठी (घड एकशे बारा, सही गिचमिड)
आणि कुणा पोराचा एकच मोजा.
इद्रीसनं तो झटकून डॅशबोर्डवर ठेवला.
कुणाचा तरी असंल, म्हणाला.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर त्यानं फ्यूज बसवला.
इतका लांब कशाला, मी म्हटलं,
डिकीत लावा, माझ्या हाताशी राहील.
वायर वाटेत कुठंही घासते, ताई.
जळायचं तर उगमापाशी जळू द्या,
नाहीतर सगळी वाट पेटते.
हे मी वहीत लिहून ठेवलं,
छाती छत्तीस, बाही नऊच्या खाली.

मग लाल वायर रबराच्या बुचातून आत आली,
दाराच्या पट्टीखालून सरकत गेली.
मी दोरा ओवते तसाच तो ओवत होता,
फक्त टोक जिभेवर न फिरवता.
काळीला मात्र लांब पाठवलं नाही.
डिकीतलाच एक बोल्ट धरला,
भोवतीचा रंग खरवडला, पत्रा चकाकेपर्यंत.
रंगावर अर्थिंग बसत नाही, म्हणाला.

चार वर्षं उसन्या विजेवर शिवलं मी.
अडावदला भांडीवाल्याच्या बोर्डावरून,
धानोऱ्याला गिरणीतून, दळण थांबलं की.
लासूरला मेडिकलवाल्यानं
भर पदरावर पिन काढली, फ्रीज लावायचाय म्हणे.
ती बाई तशीच उभी,
अर्धा पदर पिकोचा, अर्धा सुटा,
आणि मी हातानं चाक फिरवतेय,
मान वर न करता.

पहिल्या बाजारी डिकी उघडली
आणि कुणालाच काही विचारलं नाही.
नऊ साड्या झाल्या दुपारपर्यंत.
मग मला हाव सुटली.
घरची छोटी इस्त्री आणली होती,
चुरगळलेला पदर पाहवेना, लावली.
आवाज नाही, धूर नाही.
सुई कापडात अर्धी उतरून थांबली.
शेजारची बांगडीवाली सुगंधा लगेच,
माय वं! काय व्हयनं?
काही नाही, मीच, म्हटलं.

बॉनेट उघडलं.
निळा फ्यूज, आत केसाएवढी तार तुटलेली.
बाकी सगळी वाट थंड.
शेजारी झाकणाला चिकटपट्टीनं लावलेले
आणखी दोन निळे.
हे त्यानं सांगितलं नव्हतं,
बिलातही धरले नव्हते.

इस्त्री पिशवीत गेली.
सुगंधानं मोबाईल पुढं केला, बंद पडलेला.
थोडा लावशी का?
क्षणभर माझ्या तोंडावर तो मेडिकलवाला आला, खोटं का बोलू.
मग चार्जर लावला.

परतताना अंधार. केळीचे ट्रक समोरून,
त्यांचे दिवे डोळ्यात घुसतात.
आरशात मागं, मशीनच्या पायाशी,
पॉइंटचा लाल ठिपका.
पुलावर आले आणि डिकीत काहीतरी वाजू लागलं.
गाडी कडेला घेतली.
सुगंधाच, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून,
धाप लागलेली.

हाऊ, माझ्याकडंच आहे, म्हटलं.
वळते. तिथंच थांब.
आणि ऐक,
पूर्ण भरलाय.